रीफर गाडीवर जायचंय? नव्या ड्रायव्हरसाठी पहिल्या ट्रिपपर्यंतची तयारी

उघड्या बॉडीची गाडी काही वर्षं चालवलेल्या ड्रायव्हरला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, “रीफरवर येतोस का? पैसे बरे मिळतात, ताडपत्री-दोरीची कटकट नाही.” विचारणारा खोटं बोलत नसतो, फक्त अर्धं सांगतो. रीफर म्हणजे माल गार ठेवणारी बंद बॉडीची गाडी. तिच्यातला माल थांबू शकत नाही, आणि या कामातलं चांगलं-वाईट सगळं त्या एका गोष्टीतून येतं. माल थांबू शकत नाही म्हणून तुमची गाडी आधी भरतात, आधी सोडतात, भाडंही जास्त देतात. आणि माल थांबू शकत नाही म्हणूनच रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, तुम्हालाही सहज थांबता येत नाही.

मी गाड्या पाठवण्याच्या बाजूला बसतो. नव्या माणसाला रीफरची चावी देण्याआधी जे सांगतो, तेच इथे साधारण त्याच क्रमाने लिहितोय. उदाहरणं महाराष्ट्र-गोव्याच्या रस्त्यांवरची आहेत.

पायरी १: कोणता रीफर, ते आधी विचारा

‘रीफरवर ड्रायव्हर पाहिजे’ एवढ्यावर हो म्हणू नका. या एका नावाखाली निदान चार वेगळ्या नोकऱ्या आहेत.

पहिली म्हणजे आइस्क्रीम, दूध-दही, फ्रोझन मालाची शहरातली वाटप गाडी. पिकअप किंवा छोटा ट्रक, मागे पफची, म्हणजे गारवा धरून ठेवणाऱ्या फोमच्या भिंतींची बॉडी. यातल्या काही गाड्यांत युटेक्टिक प्लेट असतात. रात्री डेपोत विजेवर प्लेट गोठवायच्या आणि दिवसभर त्याच गारव्यावर माल वाटायचा. रात्री घरी झोपायला मिळतं, ही हिची मोठी बाजू. पण दिवसात पंचवीस-तीस दुकानं, प्रत्येक ठिकाणी पार्किंगचं भांडण, दार उघड-बंद आणि क्रेट उचलणं. मार्च ते जून अंगाचं पाणी होतं, पावसाळ्यात काम उतरतं.

दुसरी, औषधांची गाडी. गोव्यात वेर्ण्याहून भिवंडीच्या गोदामात, पुण्याहून विमानतळावर, असे रूट. माल हलका, महाग आणि कागदपत्रांचा. १२ जानेवारी २०२१ ला पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डची पहिली खेप पहाटे निघाली, ती अशाच तीन तापमान-नियंत्रित गाड्यांतून पुणे विमानतळावर गेली. त्या दिवशी टीव्हीवर दिसले ते नारळ आणि हार. पण २ ते ८ अंशांच्या मध्ये काटा धरून ठेवण्याचं काम या गाड्या एरवीही रोज करतात आणि त्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते, नियमात राहणाऱ्या, शांत स्वभावाच्या ड्रायव्हरसाठी हीच सगळ्यांत चांगली नोकरी. उद्दाम माणूस इथे टिकत नाही.

तिसरी, लांब पल्ल्याची मोठी पफ बॉडीची गाडी. फ्रोझन मटार, चॉकलेट, लोणी, फळं, जे मिळेल ते. राज्याबाहेर जायचं, परतीच्या मालासाठी थांबायचं.

चौथी, न्हावाशेवा बंदराचा ट्रेलर. यात गार करणारं यंत्र कंटेनरलाच असतं आणि तुमच्या ट्रेलरवर त्याला वीज देणारा जेनसेट. जानेवारी ते एप्रिल पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, निफाडची द्राक्षं. रावेर-यावलची किंवा करमाळ्याकडची केळी. तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांतली गोठवलेली कोळंबी आणि मासे. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा मासळीचं काम मंदावतं. द्राक्षांच्या हंगामात मात्र आंघोळीलाही वेळ मिळत नाही.

या चारांत तुमचं घर, वय आणि झोपेची सवय कुठे बसते ते आधी बघा. पगाराचा आकडा त्यानंतर.

पायरी २: लायसन्स

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या मालगाडीसाठी हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो प्रश्न मिटवला आहे. म्हणजे आइस्क्रीमचा छोटा टेम्पो त्यावर चालवता येतो. त्यापुढच्या गाड्यांना जड वाहनाचं लायसन्स हवं. त्यासाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हातात असलं पाहिजे. रीफरसाठी वेगळं लायसन्स नसतं. यंत्राचं शिक्षण गाडी पाठवणाऱ्याने द्यायचं असतं, आणि ते मागून घ्यायचं काम तुमचं.

पायरी ३: मागचं यंत्र समजून घ्या

नव्या माणसाचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा की रीफर माल गार करतो. तसं नाही. गार केलेला माल गार ठेवणं, एवढंच त्याचं काम. उकळतं दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर दूध लवकर गार होत नाहीच, शेजारचं लोणीही वितळतं. द्राक्षं पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगला लावून आतपर्यंत गार झाल्याशिवाय गाडीत भरत नाहीत, ते यासाठीच. शेतातून थेट आलेला गरम माल कुणी ‘गाडीत होईल गार’ म्हणून भरायला लागला, तर तो प्रश्न थोड्या वेळात तुमचा होणार आहे.

आता यंत्र. छोट्या गाडीत कॉम्प्रेसर बहुधा गाडीच्याच इंजिनवर चालतो. गाडी बंद केली की गारवा बंद. काही गाड्यांना डेपोत विजेवर लावायचा स्टँडबाय प्लग असतो. मोठ्या गाडीत कॅबिनच्या मागे, बॉडीच्या पुढच्या भिंतीवर युनिट असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॅरियर किंवा थर्मो किंगचं. त्याचं स्वतःचं डिझेल इंजिन असतं, म्हणजे तुम्ही एकाच वेळी दोन इंजिनांचे ड्रायव्हर. कंटेनरचं यंत्र थ्री-फेज विजेवर चालतं. रस्त्यात ती जेनसेट देतो, यार्डात आणि जहाजावर प्लग.

डिस्प्लेवर तीन आकडे ओळखता आले पाहिजेत. सेटपॉइंट म्हणजे तुम्हाला हवं असलेलं तापमान. सप्लाय म्हणजे यंत्रातून आत जाणारी हवा. रिटर्न म्हणजे मालावरून फिरून परत आलेली हवा. नवा ड्रायव्हर सेटपॉइंट बघतो आणि खूश होतो. सेटपॉइंट हा फक्त हुकूम आहे, तो पाळला जातोय की नाही ते रिटर्न सांगतो. सेट ० असून रिटर्न तासाभरात २, ३, ४ असा चढत असेल, तर काहीतरी बिघडलंय. दार नीट बसलं नसेल, माल गरम भरला असेल, हवेची वाट अडली असेल किंवा गॅस कमी असेल.

मध्येच डिस्प्लेवर डीफ्रॉस्ट येतं. आतल्या कॉइलवर जमलेला बर्फ वितळवायला यंत्र थोडा वेळ गारवा थांबवतं. तेव्हा आकडा थोडा वर जातो आणि पुन्हा खाली येतो. घाबरून बटणं दाबायची नाहीत. पण डीफ्रॉस्ट पुन्हा पुन्हा येत असेल, तर आत दमट हवा शिरते आहे. दाराचं रबर तपासा.

कंटिन्युअस आणि स्टार्ट-स्टॉप असे दोन मोड असतात. स्टार्ट-स्टॉपमध्ये आकडा गाठला की युनिटचं इंजिन थांबतं, डिझेल वाचतं. गोठवलेल्या मालाला ते चालतं. ताज्या फळांना आणि औषधांना हवा सतत फिरती लागते, तिथे कंटिन्युअस. कोणता मोड लावायचा ते लोडिंगच्या कागदावर लिहून मागा. तोंडी नको.

हवा कुठून कुठे जाते तेही बघून ठेवा. ट्रकच्या बॉडीत ती छताजवळून मागे जाते आणि खालून परत येते. म्हणून बॉडीत आतून रेषा मारलेली असते, तिच्यावर माल चढवायचा नाही. कंटेनरमध्ये उलट. हवा खालच्या पन्हाळी असलेल्या तळातून येते आणि वर जाते. तिथे तळावर पुठ्ठा अंथरला किंवा पन्हाळीत कचरा साचला तर वाट बंद. हमालांना हे माहीत असेलच असं धरू नका.

पायरी ४: कोणत्या मालाला किती, हे पाठ असू द्या

आइस्क्रीम आणि गोठवलेले मासे उणे १८ किंवा त्याहून खाली. द्राक्षं ० ते १ अंश, आणि सोबत भरपूर दमटपणा. पाश्चराइज्ड दूध ४ च्या आसपास. लशी आणि बरीच इंजेक्शनं २ ते ८. काही औषधं १५ ते २५. केळी १३ ते १४. हापूस १२-१३.

यातली खरी फसवणूक ‘जितकं गार तितकं चांगलं’ या समजुतीत आहे. केळ्यांची गाडी कुणी ८ वर लावली, तर केळी सडत नाहीत, पण साल काळवंडते आणि ती नीट पिकत नाहीत. हे लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कळतं, आणि तोवर तुम्ही पुढच्या ट्रिपला गेलेले असता. लशींचं त्याहून वाईट. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की निकामी होते, मग पुन्हा ५ अंशांवर आणून उपयोग नाही. गोठवलेल्या मालात शून्याच्या बाजूला घसरणं गुन्हा, लशीच्या मालात शून्याखाली जाणं गुन्हा. उणे चिन्ह लावलंय की राहिलंय, हे दोनदा वाचा. उणे १८ ऐवजी नुसतं १८ लावलेली गाडी निघाल्याची गोष्ट या धंद्यात प्रत्येकाने ऐकलेली असते.

पायरी ५: लोडिंगच्या दारात

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची बहुतेक भांडणं इथेच जन्माला येतात.

गाडी लावण्याआधी आत चढा. वास घ्या. काल मासे होते आणि आज द्राक्षं भरायची असतील, तर नुसतं पाणी मारून भागत नाही. पॅकहाउसवाला वासावरून गाडी परत पाठवू शकतो आणि तो चूक नाही. तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का, दाराचं रबर फाटलंय का, भिंतीला कुठे भोक पडलंय का, ते बघा. दार बंद करून आत उभं राहिल्यावर कुठूनही उजेड दिसता कामा नये. बाहेर साथीदाराला उभं करूनच हे करा, एकट्याने नाही.

मग युनिट चालू करून रिकामी गाडी सेटपॉइंटपर्यंत गार करा. माल भरायला सुरुवात झाली की युनिट बंद. हे उलटं वाटतं, पण दार उघडं असताना युनिट चालू ठेवलं तर ते बाहेरची गरम, दमट हवा ओढतं आणि कॉइलवर बर्फ चढतो. डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या फलाटाला, दाराभोवती रबरी सील असेल तर वेगळी गोष्ट, तिथे गोदामाचा नियम पाळा.

भरताना मालाचं तापमान स्वतः बघा किंवा बघायला लावा. टोचायचा थर्मामीटर पेटीतल्या फळात घालून घेतलेला आकडा खरा, हवेचा नव्हे. निदान सुरुवातीची, मधली आणि शेवटची पेटी मोजा. आकडा कागदावर, त्याखाली त्यांच्या माणसाची सही आणि तुमच्या मोबाइलवर वेळेसकट फोटो. तापमान जास्त असेल तर बिल्टीवर तसं लिहून घ्या आणि ऑफिसला कळवल्याशिवाय निघू नका. “तू ड्रायव्हर आहेस, तुला काय करायचंय” असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या आणि तरीही लिहून घ्या. माल पोचल्यावर खराब निघाला की पहिलं बोट तुमच्याकडेच येतं, तेव्हा हाच कागद बोलतो.

पुष्कळ मालात एक छोटा डेटा लॉगर टाकलेला असतो. तो प्रवासभर तापमान नोंदवत राहतो. तुम्ही काय सांगता यापेक्षा तो काय सांगतो ते मानलं जातं.

कंटेनर असेल तर आणखी काही गोष्टी. यार्डातून रिकामा उचलतानाच त्याची पीटीआय, म्हणजे यंत्राची आधीची तपासणी झाल्याची नोंद बघा. हवेची झडप बुकिंगच्या कागदाप्रमाणे उघडी आहे का ते पाहा. गोठवलेल्या मालाला ती बंद असते. आणि प्लगबद्दल एक पक्का नियम: स्विच बंद केल्याशिवाय प्लग काढायचा किंवा लावायचा नाही. ओल्या हातांनी तर नाहीच. ही घरातली वीज नाही.

पायरी ६: रस्त्यात

पिंपळगावहून न्हावाशेवा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी कसारा घाट उतरण्याशिवाय पर्याय नव्हता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट खाली येता येतं. टोल कोण भरणार हे निघण्याआधी ठरवा, नाहीतर तुम्हाला घाटातूनच जावं लागेल आणि मग गिअरवर उतरवा, ब्रेक तापवू नका.

डिझेल दोन टाक्यांचं बघायचं. युनिट किंवा जेनसेट ताशी साधारण दोन ते चार लिटर पितं. नेमकं किती, ते उन्हावर आणि सेटपॉइंटवर अवलंबून. विदर्भात मे महिन्यात ४४ अंशांत उणे १८ धरायचं म्हणजे युनिटला दम लागतो. गाडीची टाकी भरलेली आणि युनिटची कोरडी, हा नवख्यांचा ठरलेला प्रकार. प्रत्येक थांब्यावर आधी मागचा डिस्प्ले, मग चहा. आकडा, वेळ आणि ठिकाण वहीत टिपा. आता बहुतेक गाड्यांत जीपीएससोबत तापमान ऑफिसला दिसतं, तरीही वही ठेवा. रेंज जाते, वही जात नाही.

युनिट बंद पडलं तर? पहिली गोष्ट, दार उघडायचं नाही. चांगल्या पफ बॉडीत बंद दारामागे गारवा काही काळ टिकतो, आणि ‘बघू तरी’ म्हणून दार उघडणारा तोच वेळ घालवतो. दुसरी गोष्ट, डिस्प्लेवरचा अलार्म कोड वाचून ऑफिसला आणि युनिटच्या मेकॅनिकला लगेच फोन. तिसरी, जवळचं कोल्ड स्टोरेज कुठे आहे हे ऑफिसला विचारा. निघण्याआधीच रूटवरच्या दोन-तीन कोल्ड स्टोरेजचे आणि मेकॅनिकचे नंबर मागून ठेवले असतील तर या घडीला तुम्ही बरेच पुढे असता. ई-वे बिल असलेल्या मालात मुदतीकडेही लक्ष असू द्या. ती दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. बिघाडामुळे उशीर झाला तर ती वाढवून घेता येते, पण मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत. त्यानंतर धावपळ व्यर्थ.

आणि हो, वाटेत कुणी ‘दोन पेट्या माझ्या टाक, गावापर्यंत’ म्हणेल. सील तुटलं की नोकरी तुटते. पाहुण्याला नाराज करा.

पायरी ७: पोचल्यावर

बंदरावर गेटची रांग तासन्‌तास चालते. उघड्या गाडीवाला इंजिन बंद करून झोपतो. तुम्हाला जेनसेट चालू ठेवून, दर तासाला आकडा बघत रांगेत सरकायचं असतं. गेटच्या कट-ऑफ वेळेच्या आत फॉर्म १३ (गेटमधून आत जायचा कागद), वजनाचं पत्र आणि सील नंबर जुळलेला असला पाहिजे. एक अंक चुकला तरी गाडी बाजूला.

गोदामात उतरवताना घेणारा आधी तापमान बघतो. त्याने लिहिलेला आकडा तुमच्यासमोर लिहिलेला असू द्या. उणे २० च्या खोलीत घामेजलेल्या अंगाने, चपलांवर जाऊ नका. जॅकेट आणि हातमोजे मागा, ते देणं त्यांचं काम आहे. दार आतून कसं उघडतं ते आत जाण्याआधी विचारा. गाडीत ड्राय आइस वापरला असेल तर दार उघडून हवा खेळू द्या, मगच चढा. त्यातून निघणारा वायू दिसत नाही आणि बंद जागेत माणसाला बेशुद्ध करतो.

आता फायदे

अंगमेहनतीचा एक मोठा भाग जातो. ताडपत्री, दोरखंड, पावसात टपावर चढणं नाही. माल बंद आणि सीलबंद, त्यामुळे रस्त्यात चोरीची धास्ती कमी. बॉडी आणि युनिटचं वजनच जास्त असल्याने आणि माल ठरलेल्या पेट्यांचा असल्याने ओव्हरलोडचा त्रास उघड्या गाडीपेक्षा पुष्कळ कमी. काट्यावर आणि आरटीओसमोर छाती धडधडत नाही.

गाड्या तुलनेने नव्या असतात, कारण जुन्या गाडीवर कुणी लाखोंच्या औषधांचा माल ठेवत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांना एसी कॅबिन सक्तीचं झालंय. नवी गाडी हातात येण्याची शक्यता रीफरमध्ये जास्त, म्हणून हा फायदाही इथे लवकर पोचेल. माझं म्हणणं विचाराल तर मागे द्राक्षांना शून्य अंश आणि पुढे माणसाला पंचेचाळीस, हे फार आधी बदलायला हवं होतं.

नाशवंत मालाला वाटही मिळते. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी लागते, तेव्हा दूध, औषधं, भाजीपाला आणि नाशवंत मालाला सूट दिलेली असते. सूट कुणाला आणि कोणत्या वेळेत, ते त्या वर्षीच्या आदेशात वाचा आणि त्याची प्रत गाडीत ठेवा.

आणि कसब. उघडी गाडी चालवणारे भरपूर आहेत. रिटर्न हवा वाचणारा, लॉगरचा कागद समजणारा, नोंद ठेवणारा ड्रायव्हर सहजासहजी सापडत नाही. असा माणूस सोडून जाऊ नये म्हणून मालक थोडा नमतो. पुढे सुपरवायझर व्हायचं असेल तर रस्ता इथूनच जवळ आहे.

आणि तोटे

झोप. हा पहिला आणि सगळ्यांत खरा तोटा. युनिट कॅबिनच्या पाठीला लागून असतं आणि रात्रभर घरघरतं. स्टार्ट-स्टॉपवर असेल तर त्याहून वाईट, कारण कान शांततेला सरावतो आणि तेवढ्यात ते धडधडून सुरू होतं. ढाब्यावर शेजारचे ड्रायव्हर तुम्हाला लांब गाडी लावायला सांगतात. काहींना महिन्याभरात सवय होते, काहींना कधीच होत नाही. ज्यांना होत नाही त्यांनी हट्ट करू नये, अर्धवट झोपेत घाट उतरवणं कुठल्याही पगारात बसत नाही. कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगतो. द्राक्षांच्या हंगामात तो कुठे असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबच्या रूटला दुसरा ड्रायव्हर मागायला लाजू नका.

दुसरा, थांबणं. माल घाईचा असला तरी डॉक रिकामा असेलच असं नाही. गोदामात सहा-सात तास उभं राहणं नेहमीचं आहे, आणि त्या वेळात तुमची जबाबदारी चालूच असते.

तिसरा, दोष. माल नाकारला गेला की कारण शोधायला वेळ लागतो, पण माणूस लगेच सापडतो. वर सांगितलेले फोटो आणि सह्या यासाठीच.

चौथा, परतीचं भाडं. फळं घेऊन गेलेल्या गाडीला परत येताना थंड माल मिळेलच असं नाही. सुका माल भरायचा तर वासाचा, घाणीचा नसावा लागतो. मिळाला नाही तर रिकामी परत, आणि ट्रिपवर पैसे ठरलेले असतील तर झळ तुम्हालाही.

आणि एक तोटा असा, जो कुणी बोलून दाखवत नाही. काही ठिकाणी रात्री फोन येतो, “दोन-तीन तास युनिट बंद ठेव, डिझेल वाचेल.” पहाटे चालू करून पोचेपर्यंत आकडा खाली येतोही. पण मधल्या वेळात फळ आतून गरम झालेलं असतं, आइस्क्रीम वितळून पुन्हा घट्ट झालेलं असतं, आणि लॉगरमध्ये तो डोंगर उमटलेला असतो. फोन करणारा तेव्हा ‘मी असं बोललोच नाही’ म्हणतो. असा हुकूम मेसेजवर लिहून मागा. लिहून मागितलं की बहुतेक वेळा हुकूमच येत नाही. आलाच, तर दुसरी गाडी शोधा. फळांचं नुकसान पैशांचं असतं. औषधाच्या गाडीत ते कुणाच्या तरी दंडात टोचलं जाणार असतं.

पायरी ८: हो म्हणण्याआधी मालकाशी हे बोला

पगार महिन्याचा की ट्रिपवर? भत्ता किती, आणि हॉल्टिंगचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात? थांबण्याचं काम इतकं असताना हॉल्टिंग न ठरवता बसणं म्हणजे फुकट राखण. हमाली आणि वराई कोण देणार? गाडी धुण्याचा खर्च कुणाचा?

डिझेलचा हिशेब तर खोदून विचारा. युनिटचं डिझेल वेगळं मोजतात का? युनिटला तासांचं मीटर असतं, त्यावरून हिशेब लागतो. जिथे दोन्हींचं डिझेल एकत्र धरून गाडीचं ॲव्हरेज काढतात, तिथे उन्हाळ्यात ॲव्हरेज पडतं आणि ड्रायव्हरवर चोरीचा संशय येतो. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढला की हे भांडण होत नाही.

माल नाकारला गेला तर पगारातून कापणार का, मालाचा विमा आहे का, आणि युनिटच्या सर्व्हिसची शेवटची तारीख कोणती? तिसऱ्या प्रश्नावर मालक ‘बघतो, सांगतो’ म्हणाला, तर तुम्हीही ‘बघतो, सांगतो’ म्हणा.

जमत असेल तर पहिल्या दोन ट्रिपा जुन्या रीफर ड्रायव्हरसोबत जोडीने करा. एक गोठवलेल्या मालाची, एक ताज्या मालाची, कारण दोन्हींचं वेळापत्रक आणि चिंता वेगळ्या आहेत. गाडी चालवायला तो असेल, तुम्ही मागचा डिस्प्ले सांभाळा. वही तुमच्या हातात राहू द्या, आणि परतल्यावर लॉगरचा कागद मागून तो तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.